नाव नसलेला फाटा

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची! बोरिवलीहून जेट्टीपर्यंत रिक्षा, जेट्टीवरून बोट, बोटीतून उतरून परत रिक्षा, आणि एवढं सगळं करूनही आपण मुंबईतच असतो, ही मोठी गंमत आहे. आईला फोनवर सांगितलं की गोराईला राहतेय, तर तिने विचारलं, ते नक्की मुंबईत येतं ना? म्हटलं, येतं गं, मधे फक्त थोडी खाडी आहे.

खोली पुतळाबाईंच्या घरात, वरच्या मजल्यावर. पुतळाबाई कोळीण. रोज सकाळी टोपली घेऊन बोरिवलीच्या बाजारात मासे विकायला बसतात. आवाज असा खणखणीत की खालून हाक मारली तर गल्लीतली कुत्रीसुद्धा उभी राहतात. समोर बांबूंवर बोंबील वाळत घातलेत. त्यांचा वास पहिल्या तासाभरात डोक्यात गेला आणि संध्याकाळपर्यंत त्याचं काही वाटेनासं झालं. जेवायला बोंबलाचं कालवण होतं. मेहकरच्या पोरीला काटा काढता येत नाही हे बघून बाई पोट धरून हसल्या आणि शेवटी स्वतःच मला काटे काढून दिले.

ही डायरी निशाची भेट. निशा माझी धाकटी बहीण. पहिल्या पानावर तिने आपल्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात लिहून ठेवलंय: "दर्शनाताईची. बाकीच्यांनी वाचू नये." सध्या ती पोलीस भरतीच्या मागे आहे. रोज पहाटे मेहकरच्या मैदानावर धावते आणि मग दिवसभर खात सुटते. जानेवारीत मैदानी चाचणी आहे. त्याआधी सहा डिसेंबरला आई आणि ती चैत्यभूमीवर येणार आहेत, मग दोन दिवस माझ्याकडे राहतील. निशाने अजून समुद्र पाहिलेला नाही. खिडकीतून खाडी दिसते, ती तिला दाखवायची म्हणून आत्तापासूनच जीव खालीवर होतोय.

५ नोव्हेंबर, बुधवार

आमचं ऑफिस चिकूवाडीत, एका दातांच्या दवाखान्याच्या वर. संस्था लहान आहे. साहेब म्हणजे प्रज्योत सर आणि सोबत श्रुतिका, जी माझ्याच वयाची, जोगेश्वरीची, आणि पहिल्याच दिवशी मला "ए दर्शना, तू डबा आणलायस की भुकी मरणार आज?" असं विचारून मोकळी झाली. मला ती फार आवडली.

काम माझ्या मनासारखं आहे. खाडीकाठच्या तिवरांचा नकाशा करायचा. तिवर म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारी झाडं, भरतीचं पाणी अडवणारी. उपग्रहाचं चित्र क्यूजीआयएस नावाच्या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचं आणि त्यावर एकावर एक थर चढवत जायचे: हिरवा तिवरांचा, तपकिरी चिखलाचा, निळा पाण्याचा. मग होडीतून प्रत्यक्ष जाऊन खात्री करायची. हे सॉफ्टवेअर फुकट आहे, कोणाच्या बापाचं नाही. ज्याला हवं त्याने वापरावं, सुधारावं. आम्ही भरलेली माहितीही सगळ्यांसाठी खुल्या नकाशावर जाते. कॉलेजात मी याच्या प्रेमात पडले ते याचसाठी.

प्रज्योत सरांचं एक म्हणणं मला पटलं. ते म्हणाले, ज्या जागेला नकाशावर नाव नाही तिथे रात्रीतून डेब्रिजचे ट्रक रिकामे होतात, कारण तक्रार करताना जागा कुठली ते सांगताच येत नाही. म्हणून खाडीच्या प्रत्येक वळणाचं, प्रत्येक फाट्याचं कोळ्यांच्या तोंडचं नाव गोळा करायचं. फोनवर भरायचा फॉर्म मीच तयार केला. त्यात नावाचा रकाना रिकामा ठेवला तर नोंद जतनच होत नाही, अशी सोय करून ठेवली. कोणी आळस करायला नको. सर खूश झाले.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज महादूकाकांच्या होडीतून खाडी पालथी घातली. महादूकाका पुतळाबाईंचे दीर, बोलायला तुटक, पण माणूस प्रेमळ. प्रत्येक वळणाला नाव! तीन खुटे, काण्याची वाट, बगळ्यांचं बेट, सासूची खाच (तिथे म्हणे होडी अडकली की दिवसभर सुटत नाही). मी ऐकत होते, हसत होते, फोनवर भरत होते. दुपारपर्यंत मान भाजून निघाली.

मग एक अरुंद फाटा लागला. दोन्हीकडून तिवरांनी तोंड मिटलेलं, आत सावली. काकांनी वल्ह्याचा आवाज बंद केला आणि होडी नुसती वाहू दिली. मी नाव विचारलं तर बोलेनात, नुसती हनुवटी पुढे केली. पुढचं वळण ओलांडल्यावर हळूच म्हणाले, "त्याला नाव नाय गो बाय." मी म्हटलं, असं कसं, सगळ्याला आहे. तर म्हणाले की त्यांच्या वाड्यात कोणीच त्याला नाव देत नाही. नाव दिलं की हाक मारता येते, आणि तिथे कोणाला हाक मारायची नसते. त्या फाट्यापाशी होडीत एकमेकांची नावंही घेत नाहीत. का, ते त्यांनाही ठाऊक नाही. बापाने सांगितलं, बापाला त्याच्या बापाने.

श्रद्धा म्हणून ठीक आहे, पण माझा फॉर्म काही ऐकेना. नावाशिवाय नोंद जतन होईना, आणि तो फाटा सोडून पुढे गेले असते तर फोटो, मोजमाप सगळं पुसलं गेलं असतं. मग कॉलेजपासूनची सवय कामाला आली. चाचणीसाठी कुठे काही भरायचं असलं की मी "निशा" टाकते. दोन अक्षरं, चटकन होतं. निशा चिडवायची, ताई, तुझ्या कॉम्प्युटरात बघावं तिथे मीच! आजही तेच टाकलं आणि पुढे गेले. ऑफिसात गेल्यावर बदलायचं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन दिवस तापाने पडून होते, उन्हाचा दणका. पुतळाबाईंनी पेज करून घातली. आज ऑफिसात गेले तर श्रुतिकाने माझी सगळी माहिती खुल्या नकाशावर चढवूनही टाकलेली. मदत म्हणून केलं बिचारीने. प्रज्योत सर खुर्चीवरून उठून माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, झकास काम केलंस. त्या कौतुकात फाट्याचं नाव बदलायचं राहून गेलं. सोमवारी नक्की.

संध्याकाळी निशाचा फोन. वैतागली होती. धावताना पाय उचलत नाहीत म्हणे, गुडघ्यापर्यंत कोणी धरून ठेवल्यासारखे. मी म्हटलं, जास्त हादडतेस, दुसरं काय. हसली नाही. निशा माझ्या टोमण्याला हसली नाही असं सहसा होत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

परत होडीतून गेले. बगळ्यांच्या बेटापाशी काकांनी सहज सांगितलं की ओहोटी लागलीय, निशाच्या फाट्याकडून फिरून जावं लागेल.

मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं ऐकलं. परत विचारलं. त्यांनी परत तेच सांगितलं, मोठ्याने. म्हटलं, काका, त्याला तर नाव नव्हतं ना, तुम्हीच म्हणालात. मला वेड लागल्यासारखं ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, आज्यापासून त्याला निशाचा फाटाच म्हणतात. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, नकाशा बघायचा प्रश्नच नाही. पुतळाबाईंना विचारलं, त्यांनीही मान हलवली, "निशाचाच गो, दुसऱ्या कुनाचा?"

आज फाट्यापाशी काकांनी वल्हं थांबवलं नाही. गप्पा मारत मारत पुढे गेले. मी मात्र वळून बघत राहिले. आत, सावलीत, पाणी हलत होतं. वारा नव्हता.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

नाव काढून टाकलं. आधी माझ्याच फॉर्मने अडवलं: रकाना रिकामा ठेवता येणार नाही. तो नियम काढला, रकाना रिकामा केला, जतन केलं, खुल्या नकाशावरही बदल चढवला. हुश्श झालं.

दुपारी बघते तर "निशा" जागेवर हजर. कोणी परत टाकलं ते कळायला मार्ग नाही, बदलांच्या नोंदीत माझाच बदल दिसत नाही. मग "अनामिक" टाकलं. मग नुसता एक आकडा. डबा खाऊन येईपर्यंत दोन्ही गायब, परत निशा. श्रुतिका म्हणाली, अगं, चांगलं नाव आहे, गावकरीही तेच म्हणतात, कशाला वाट लावतेस? आतापर्यंत ते नाव भरतीओहोटीच्या अॅपमध्ये गेलंय, रिक्षावाल्यांच्या फोनवरही दिसतंय. खुल्या नकाशाची हीच तर मजा, मीच सगळ्यांना सांगत फिरायचे, की एकदा दिलेलं सगळ्यांचं होतं. आता ते परत कोणाकडे मागायचं?

आईचा फोन आला होता. निशा मैदानावर पडली. बुटांत चिखल भरलेला. मी म्हटलं, आपल्याकडे काळी माती आहेच. आई म्हणाली, नाही गं, याला वास येतोय, आणि आत बारके बारके शिंपले आहेत. मेहकरला शिंपले कुठून येणार? मला रडू आलं. आईला काय सांगणार होते?

२४ नोव्हेंबर, सोमवार

उपग्रहाचं नवं चित्र आलं. फाटा वाढलाय. आधी करंगळीएवढा दिसायचा, आता तळहात पसरल्यासारखा. खाडी अशी वाढत नसते. क्यूजीआयएसला त्या जागेची ओळख पटवायला दिली, तर त्याने आजूबाजूचं सगळं बरोबर रंगवलं. हिरवं, तपकिरी, निळं. फाट्याला मात्र काहीच रंग दिला नाही. पाणी नाही, चिखल नाही, झाडं नाहीत. पांढरं भोक ठेवलं.

प्रज्योत सरांना दाखवलं. ढगाची सावली असेल म्हणाले. आकाशात ढगाचा ठिपका नाही सध्या. मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि दोन दिवस सुट्टी घे म्हणाले. मी सुट्टी घेऊन काय करू? खोलीच्या खिडकीतून तोच फाटा दिसतो. आधी दिसत नव्हता.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज ऐन दुपारी ओहोटीला काठावर गेले होते. डोळ्यांनी बघायचं, घाबरायचं नाही, असं ठरवून गेले. चिखलात खेकडे पळत होते. पलीकडे बायका जाळी झाडत होत्या. सगळं रोजच्यासारखं होतं.

फाट्यातून कोणी हसलं. निशा हसताना शेवटी नाकातून एक फुर्र काढते. तशीच फुर्र. मग "ताई" अशी हाक. अगदी तिचीच, मला उठवायला मारते तशी, लांबवलेली.

मी ओ दिली. तोंडातून गेली. द्यायला नको होती.

घरी येऊन निशाला फोन लावला. तिने उचलला, पण बोलेना. नुसता श्वास ऐकू येत होता, ओला. बऱ्याच वेळाने म्हणाली की तिला आवाज काढायला त्रास होतो, तोंडात खारट पाणी येतं. डॉक्टरने तपासलं, काही नाही म्हणाला. आणि म्हणाली, ताई, आज दुपारी तू ओ दिलीस ना, मला ऐकू आली.

१ डिसेंबर, सोमवार

रोज नाव पुसते. रोज परत येतं. महादूकाकांच्या पाया पडले, म्हटलं, तुमच्या वाड्याने सांगितलेलं खरं होतं, तुम्ही मला बजावलं होतं, आठवा. त्यांना काही आठवत नाही. घाबरले बिचारे. पुतळाबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. मी पंचशील म्हटलं, आईने लहानपणी शिकवलेलं, भीती वाटली की म्हणायचं ते. शेवटपर्यंत म्हणता आलं नाही.

आईशी बोलले. निशा कशी आहे विचारलं. आई थोडी थांबली. मग म्हणाली, हां — निशा. आहे की. झोपलीय.

आईला आठवावं लागलं.

३ डिसेंबर, बुधवार

आईने सहा तारखेचं नक्की केल्याचं सांगितलं. महिला मंडळाबरोबर येतेय. एकटीच येतेय. मी विचारलं, निशा? आई म्हणाली, कोण निशा? मी ओरडले. आईसुद्धा घाबरली. म्हणाली, दर्शना, बाळा, तुला बरं नाही का, मला तू एकच लेक आहेस.

निशाचा नंबर लावला. लागतो. उचलला जातो. पाणी वाजतं. भरतीचं.

ओळखीच्या प्रत्येकाला विचारलं. शाळेतल्या बाई, शेजारची काकू, भरतीच्या क्लासवाले. कोणालाच — आम्हा दोघींच्या फोटोत मी एकटी, आणि माझ्या खांद्यावर ओल्या हाताचा डाग.

४ डिसेंबर, गुरुवार

कळलं मला. रिकामं चालत नाही. खोटं चालत नाही. त्याला माणसाचंच नाव लागतं. त्याने ते स्वतःच्या अंगावर घेतलंय, दुसरं दिल्याशिवाय सोडणार नाही.

समोर श्रुतिका बसली होती. डबा उघडत होती. तुझी मेथी मला दे म्हणत होती.

मी तिचं नाव टाकलं. टाकलं मी.

गेलं नाही. टिकलं.

चहा यायच्या आत निशाचा फोन आला. खणखणीत! आईच्या पिशवीत तिचे कपडे बसत नाहीत म्हणून भांडत होती, चैत्यभूमीला येतेय म्हणाली, ताई, समुद्र दाखवशील ना? मी हुंदके देऊन रडले. ती म्हणाली, रडतेस काय येडे.

फोन ठेवला आणि मागे बघितलं तर श्रुतिका जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेली. उतरता येत नव्हतं तिला. पाय उचलत नाहीत यार, म्हणत होती, हसत होती. चपलांखाली काळं पाणी.

५ डिसेंबर, शुक्रवार

श्रुतिका आली नाही. प्रज्योत सरांना विचारलं. कोण श्रुतिका, म्हणाले. तिच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा, जसा काही कायमच तिथे असतो. निशाचं होताना इतके दिवस लागले होते. हिचं एका रात्रीत. जोगेश्वरीच्या तिच्या घरी फोन केला. तिच्या वडिलांनी उचलला, चुकीचा नंबर म्हणून ठेवून दिला. तिला दोन भाऊ आहेत, वडील आहेत, तिचंही कोणी — ती मला पहिल्या दिवशी डबा विचारणारी —

काठावर गेले. फाट्यातून ती विचारत होती, भुकी मरणार का आज.

नाही. नाही चालणार हे. निशाचं परत टाकणार नाही. दुसऱ्या कोणाचं टाकणार नाही. मग एकच उरतं.

टाकलं. माझं.

भीती वाटतेय. खूप. आई उद्या येतेय, तिला एकदा बघायचं. एकदा बघू दे.

६ डिसेंबर, शनिवार

श्रुतिकाचा फोन लागला. दर्शना कोण, तिने विचारलं. पण तिचाच आवाज, खडखडीत. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

पाय जड. तरी दादरला गेले. एवढ्या लाखांच्या गर्दीत आई सापडली, पांढरी साडी, हातात मेणबत्ती. शेजारी निशा. उंच, ताठ, पायात धावायचे बूट, केळं खात होती. मी समोर उभी राहिले. आई म्हणाली, जय भीम ताई, काही हवंय का? तुमच्या साडीला चिखल लागलाय.

मी म्हटलं, तुमची मुलगी का? आई अभिमानाने म्हणाली, हो, एकुलती एक आहे माझी, पोलीस होणार आहे.

निशा माझ्याकडे बघत होती. जरा जास्तच वेळ बघत होती. मग तिने पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. म्हणाली, बसा थोडं, तुम्हाला बरं वाटत नाहीये. समुद्र कुठून दिसतो विचारलं तिने मला.

मी दाखवला. वाळूच्या बाजूला बोट केलं. दोघी गेल्या.

७ डिसेंबर

पुतळाबाईंनी खालून विचारलं वर कोण आहे. खोली रिकामी आहे त्यांची. वर्षभर रिकामी आहे म्हणतात. दार ढकलतायत. मी आतून — उघडत नाही, उघडता येत नाही, पाय —

जमिनीवर पाणी. भरती येते तेव्हा माझ्या छातीतही —

महादूकाका होडीतून गेले. फाट्याचं नाव घेऊन कोणाला तरी हाक मारली. ऐकलं मी. ते लिहायला घेतलं आणि डोक्यातून गेलं.

पहिलं पान उघडलं. "ताईची. बाकीच्यांनी वाचू नये." ‘ताईची’च्या आधीची अक्षरं पुसलीयत. काय होतं तिथे?

निशा, हे कधी तुझ्या हाती पडलं तर. तुला बहीण होती. जानेवारीत धाव. जोरात धाव. गोराईला येऊ नकोस. खाडीकाठी कोणी निशा म्हणून हाक मारली तर ओ देऊ नकोस, कितीही प्रेमाने मारली तरी. ती मीच असेन, पण तरी ओ देऊ नकोस —

आणि कोणी विचारलं, कोण होती ती, तर सांग, माझी ताई होती, तिचं नाव